‘भारी आहे’ लिहिलं की ग्रुप गप्प का होतो?

वाचकाचं पत्र: आम्हा कॉलेजमित्रांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. आता सगळे नोकरीला लागलेत, कोणी पुण्यात, कोणी दुबईत. दर रविवारी प्रत्येकाने ‘सध्या कोणता व्हिडिओ गेम खेळतोय’ ते लिहायचं, असं ठरलंय. माझ्या टिपणांना अंगठ्यापलीकडे काही मिळत नाही. नमुने देतो. स्टारड्यू व्हॅली: ‘एकदम रिलॅक्सिंग.’ बलाट्रो: ‘पत्त्यांचा गेम, व्यसन लागतं.’ हॉलो नाइट: ‘पहिले दोन तास बोअर, मग भारी.’ एल्डन रिंग: ‘अशक्य अवघड, मार्गिटपाशी सोडला.’ (मार्गिट म्हणजे त्यातला सुरुवातीचा बलाढ्य शत्रू.) राजी: ‘पुण्याचा गेम, सगळ्यांनी घ्या.’ एकदा मोठं लिहिलं, तर एक जण स्पॉयलर दिला म्हणून चिडला. माझ्या शब्दावर स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानातून स्टारड्यू घेतलेली मैत्रीण म्हणते, यात रिलॅक्स काय आहे, घड्याळ थांबतच नाही. लिहायचं काय आणि किती? – मार्गिटचा मारलेला, मिरज

मार्गिटचे मारलेले, नमस्कार.

मैत्रीण बरोबर बोलतेय. स्टारड्यू व्हॅली या शेतीच्या गेममध्ये दिवस सकाळी सहाला सुरू होतो आणि रात्री दोनला तुम्ही जिथे असाल तिथे कोसळता. गेममधली दहा मिनिटं म्हणजे खरे सात सेकंद. मेनू उघडला किंवा कोणाशी बोलत बसलं की घड्याळ थांबतं हे खरं, पण तेवढं सोडलं तर अख्खा दिवस चौदा मिनिटांत उरकतो. पिएरचं बियाण्याचं दुकान नऊला उघडतं, पाचला बंद होतं, बुधवारी सुट्टी. हंगाम २८ दिवसांचा, आणि हंगाम उलटला की वसंतातलं पीक उन्हाळ्याच्या पहिल्या सकाळी वाळलेलं दिसतं. पार्सनिप या कंदाला चार दिवस लागतात, म्हणजे २६ तारखेला लावलेला पार्सनिप हाती लागतच नाही. त्यात कॉम्प्युटरवर सेव्ह होतो तो झोपल्यावरच. दुपारी तीनला उठावं लागलं तर एक तर तो दिवस सोडा, नाहीतर दिवसाढवळ्या जाऊन झोपा.

हे सगळं माहीत असूनही हा गेम निवांत वाटू शकतो. मारामारी खाणींपुरती आहे, हरून गेम संपत नाही, पहिलं वर्ष वाया गेलं तरी पुढच्या वसंतात तेच पीक पुन्हा लावता येतं. तुम्हाला निवांत वाटला तो या कारणांनी. पण तुम्ही कारण लिहिलं नाहीत, फक्त परिणाम लिहिलात, आणि परिणाम माणसागणिक बदलतो. हातातलं काम वेळेत संपवायची सवय असलेल्या माणसाला तेच घड्याळ छळतं. टिपण असं असतं तर तिने घेण्याआधीच ओळखलं असतं:

‘स्टारड्यू व्हॅली, लॅपटॉपवर, कीबोर्ड-माउस. पहिला उन्हाळा चालू आहे. शेती, मासेमारी, गावकऱ्यांशी गप्पा. हरण्याची भीती नाही. मात्र दिवस चौदा मिनिटांचा आणि सेव्ह झोपल्यावरच, त्यामुळे पाच-दहा मिनिटांसाठी उघडायचा हा गेम नव्हे. मी दिवसाला एकच काम ठरवतो आणि बाकीचं सोडून देतो. ज्यांना काम अर्धवट सोडवत नाही त्यांना पहिला महिना घाईचा जाईल.’

तिच्यासाठी दोन गोष्टी. स्टीमवर खरेदीनंतर १४ दिवसांच्या आत आणि खेळण्याचा वेळ दोन तासांच्या आत असेल तर परतावा मागता येतो. सपोर्टच्या पानावर खरेदी निवडायची, कारण द्यायचं, पैसे वॉलेटमध्ये हवेत की जिथून भरले तिथे ते सांगायचं. गेम नुसता उघडा ठेवून चहाला गेलं तरी तो वेळ मोजला जातो, तेव्हा आधी तासांचा आकडा बघायला सांगा. मुदत गेली असेल किंवा तिला अजून खेळून बघायचं असेल, तर पहिल्या आठवड्यात महापौर लुइस जी १५ पार्सनिपची बियाणी देतो तेवढीच लावू दे. सुरुवातीची ताकद २७० असते. एक चौकोन खणायला २ आणि पाणी घालायला २ जातात. १५ रोपांना पहिल्या दिवशी ६० आणि पुढे रोज ३० लागतात. नवखे लोक हाती आलेल्या सगळ्या पैशांचं बियाणं घेतात आणि मग रोजची सकाळ झारी घेऊन फिरण्यात जाते. घाईची तक्रार बहुतेक तिथूनच येते. शेतीची लेव्हल ६ झाली की क्वालिटी स्प्रिंकलर बनवता येतो, तो भोवतालच्या आठ चौकोनांना सकाळी आपोआप पाणी घालतो, आणि गेमचा वेगच बदलतो.

आता बलाट्रो. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेल्या या गेमबद्दल ‘पत्ते’ आणि ‘व्यसन’ हे दोन शब्द शेजारी लिहिलेत तर निम्म्या लोकांना तो रमीच्या अ‍ॅपसारखा पैसे लावायचा प्रकार वाटणार. त्यात खरे पैसे लावायचे नसतात, हे पहिल्याच ओळीत हवं. आणि व्यसन का लागतं ते सांगायला एक डाव उलगडून दाखवला की पुरे.

पहिलं लक्ष्य ३०० गुणांचं, ते गाठायला चार डाव. हातात आठ पानं असतात, त्यातली जास्तीत जास्त पाच टाकायची. समजा दोन राजांची जोडी टाकली. जोडीच्या १० चिप्स, दोन राजांच्या १०-१०, झाल्या ३०, जोडीचा गुणक २, मिळाले ६०. चारही डाव असेच खेळलात तर २४० होतात आणि पहिल्याच पायरीवर खेळ खलास. त्याऐवजी नको ती पानं बदलून घेत सगळी बदामची पाच जमवली, एक्का, राजा, नव्वी, सत्ती आणि चौकी, तर पानांचे ४१ आणि फ्लशचे (पाचही पानं एकाच प्रकारची) ३५, मिळून ७६, गुणिले ४, म्हणजे ३०४. एका डावात काम झालं आणि उरलेल्या तीन डावांचे गेममधले तीन डॉलर खिशात. मग दुकान उघडतं. तिथला अगदी साधा जोकर गुणकात ४ वाढवतो. तो घेतल्यावर तीच राजांची जोडी ३० गुणिले ६, म्हणजे १८० देते. इथे बहुतेक जण हरखतात.

पुढचं जे सांगायला हवं ते आकड्यांत आहे. आठ टप्पे पार करायचे असतात आणि सर्वांत सोप्या पातळीवरही शेवटच्या टप्प्याचा बॉस, म्हणजे त्यातली सर्वांत अवघड फेरी, सहसा १,००,००० गुण मागतो. नुसती बेरीज करणारे जोकर तिसऱ्या-चौथ्या टप्प्यापर्यंत साथ देतात; त्यापुढे गुणकालाच गुणणारे जोकर सापडले नाहीत तर रन तिथेच संपतो. दुसरी चूक पैशांची. हातात दर ५ डॉलरमागे १ डॉलर व्याज मिळतं, कमाल ५. म्हणजे २५ डॉलर राखून ठेवायचे आणि वरचे खर्च करायचे. नवखा खेळाडू दुकानातला माल बदलून बघण्यात सगळे उडवतो, आणि प्रत्येक बदलाला किंमत एकेक डॉलरने चढत जाते. यातली दोन-तीन वाक्यं टिपणात आली आणि शेवटी ‘तुम्ही २५ साठवून मग खरेदी करता की आधी जोकर?’ एवढं विचारलं, तर ग्रुपमधला बलाट्रो खेळणारा माणूस गप्प बसूच शकत नाही. ‘तुम्हाला काय वाटतं?’ या प्रश्नाला कोणी उत्तर देत नाही.

‘पहिले दोन तास बोअर, मग भारी’ हे हॉलो नाइटबद्दलचं वाक्य खरं आहे, पण वाचणाऱ्याच्या कामाचं नाही. बोअर का होतं? सुरुवातीच्या फरगॉटन क्रॉसरोड्स भागात तुमच्याकडे फक्त उडी आणि नेल (खिळ्यासारखी तलवार) असतं. झपकन पुढे जायचा डॅश ग्रीनपाथमध्ये हॉर्नेटला हरवल्यावर मिळतो, भिंतीला चिकटून चढणं त्याहून पुढे. प्रत्येक नव्या भागाचा नकाशा कॉर्निफरला शोधून विकत घ्यायचा. जमिनीवर पडलेले कागद आणि त्याचं गुणगुणणं, हीच त्याची खूण. वरच्या गावात त्याची बायको इझेल्डा १२० जिओला (जिओ म्हणजे गेममधली नाणी) क्विल, म्हणजे लेखणी विकते. ती असेल तरच तुम्ही चाललेला रस्ता नकाशात भरला जातो, तोही बाकावर बसल्यावर. आपण नकाशावर कुठे आहोत हे दाखवणारा कंपास आणखी २२० जिओंचा, आणि तो चार्म (अंगावर लावायचा ताईत) असल्याने चार्मसाठीच्या मोजक्या खाचांपैकी एक अडवतो. ज्याला हे माहीत नाही तो क्विलआधी भलतंच काही घेतो, त्याच त्या बोगद्यांतून फिरत राहतो आणि गेम बंद करतो. हे लिहा. आणि हेही लिहा की ही संथ सुरुवात आणि स्टीमच्या परताव्याचे दोन तास जवळपास एकच आहेत. घेणाऱ्याला दीड तासाच्या आसपास निर्णय घ्यायचा असतो, आणि गेमची खरी चाल तोवर त्याच्या हाती आलेली नसते. हॉर्नेटपर्यंत पोचून ठरवा, असं सांगितलंत तर तो नेमका सल्ला झाला. कंट्रोलर नसेल तर अ‍ॅरो कीज आणि झेड-एक्स-सी अशी बोटांची मांडणी आहे, हे एका वाक्यात येऊ द्या. काहींना ती जमतच नाही.

तुमचं एल्डन रिंगचं टिपण मात्र मला सर्वांत अन्यायाचं वाटलं. ‘अवघड’ हा शब्द ‘तिखट’सारखा आहे: कोल्हापूरकराचा वेगळा, पुणेकराचा वेगळा. तो वापरायचाच असेल तर मेल्यावर काय जातं ते सांगा. एल्डन रिंगमध्ये जमवलेले रून्स, म्हणजे लेव्हल वाढवायचं चलन, मेलेल्या जागी पडतात. परत जाऊन उचलायच्या आत पुन्हा मेलात तर गेले. लेव्हल आणि हत्यारं कायम राहतात. हेडीझमध्ये मरणं म्हणजे घरी परतणं, आणि गोष्ट मेल्यानेच पुढे सरकते. शिवाय तिथे गॉड मोड सुरू केला की अंगावरची इजा २० टक्क्यांनी कमी होते आणि दर मरणागणिक आणखी २ टक्के, असं ८० टक्क्यांपर्यंत जातं. सेलेस्टमध्ये असिस्ट मोड आहे, गेमचा वेग निम्म्यापर्यंत उतरवता येतो. तिन्ही गेमना ‘अवघड’ म्हणतात, आणि तिन्हींत मरण्याची किंमत वेगळी आहे. तुम्ही कोणत्या सेटिंगवर खेळलात तेही लिहा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. कोणी हसलंच तर त्याला हसू द्या.

मार्गिटचं म्हणाल, तर तो स्टॉर्मव्हेल किल्ल्याच्या वाटेवर उभा आहे आणि ग्रेसची (विसाव्याच्या जागेची) सोनेरी रेघ सरळ तिकडेच बोट दाखवते. म्हणून लोक रेघेमागे जातात आणि दहा-बारा लेव्हलला तिथे मार खातात. पण रस्ता एकच नाही. दक्षिणेला वीपिंग पेनिन्सुला अख्खा मोकळा पडलाय. तिथे फिरून व्हिगर (मार सोसायची ताकद) २० च्या आसपास न्या, हत्यार चर्च ऑफ एलेमधल्या ऐरणीवर +३ करा (तिथे तेवढंच होतं) आणि लांडग्यांची राख (वापरली की लांडगे तुमच्या बाजूने लढतात) घेऊन परत जा. तरीही हरलात तर मग लिहा ‘अवघड’, पण सोबत ‘लेव्हल २५, हत्यार +३, त्याने उगारलेला हात थांबतो आणि मी आधीच लोळतो’ असं. शेवटचं वाक्य वाचून ग्रुपमधला कोणीतरी नक्की सांगेल की हात उगारल्यावर लोळू नका, खाली यायला लागल्यावर लोळा. मार्गिट मुद्दाम वार लांबवतो. घाबरून आधी लोळणाऱ्याला तो बरोबर पकडतो.

गेम अर्धवट सोडला असेल तर ती माहितीही मोलाची आहे. कुठे सोडला, किती तासांनी, आणि त्या वेळी हात नेमकं काय करत होते, एवढं हवं. फक्त तासांचा आकडा जपून वापरा, कारण स्टीम पॉझवर गेलेला वेळही मोजतं. ‘६० तास’पेक्षा ‘तिसऱ्या बॉसपर्यंत’ जास्त सांगतं.

राजीविषयी थोडं. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने तो केला, ऑगस्ट २०२० मध्ये आधी निन्टेंडोच्या स्विच कन्सोलवर आणि ऑक्टोबरमध्ये बाकी ठिकाणी आला. अभिमान वाटणं समजू शकतो, पण ‘पुण्याचा आहे, घ्या’ ही शिफारस नाही, वर्गणी आहे. काय आहे ते सांगा. डोंबारणीसारख्या कसरती करणारी राजी आपल्या भावाला, गोलूला शोधतेय. दुर्गा आणि विष्णू वरून तिच्याबद्दल बोलत राहतात. भिंतींवरची चित्रं थांबून पाहावीत अशी आहेत, महाल राजस्थानी घडणीचे, मधले प्रसंग सावल्यांच्या बाहुल्यांतून रंगवलेले. आता दुसरी बाजू: कॅमेरा तुम्हाला फिरवता येत नाही, त्यामुळे काही उड्यांचा अंदाज चुकतो आणि त्यात दोष तुमचा नसतो, लढायांत पुढेपुढे तोचतोपणा येतो, चार-सहा तासांत संपतो आणि शेवट अर्धवट वाटतो. हे वाचूनही घेणारे घेतील, आणि घेतल्यावर तुम्हाला बोल लावणार नाहीत.

‘शेवट अर्धवट वाटतो’ हे स्पॉयलर नाही, कारण काय घडतं ते त्यात नाही. तुमचा मित्र चिडला त्याचं मूळ असं आहे की स्पॉयलर म्हणजे गोष्ट फोडणं, एवढंच आपण धरून चालतो. काही गेममध्ये गोष्टीपेक्षा युक्ती मौल्यवान असते. २०१८ च्या रिटर्न ऑफ द ओब्रा डिनमध्ये जहाजावरच्या ६० जणांचं काय झालं ते तर्काने ओळखायचं, आणि तीन जणांचं बरोबर जुळलं की मगच वही ते पक्कं करते. तिथे ‘अमुक गोष्टीकडे नीट बघा’ एवढी मैत्रीपूर्ण सूचनासुद्धा तासाभराची मजा घालवते. आउटर वाइल्ड्समध्ये तर मिळवायचं असतं ते ज्ञानच, ते दुसऱ्यांदा पहिल्यांदा मिळत नाही. अशा गेमबद्दल सुरुवातीच्या अर्ध्या तासात जे दिसतं तेवढंच उघड लिहावं. बलाट्रोबद्दल सगळं सांगितलं तरी चालतं, तिथे फुटण्यासारखं फार काही नाही.

व्हॉट्सअ‍ॅपवर मजकूर झाकायची सोय टेलिग्राम किंवा डिस्कॉर्डसारखी नाही. लांब मेसेज ‘अधिक वाचा’मागे जातो, तेव्हा फोडणारा भाग स्वतंत्र मेसेजमध्ये, वर गेमचं नाव आणि कुठपर्यंतचं आहे ते लिहून, मग भरपूर रिकाम्या ओळी सोडून टाका. फोटो फोडणारा असेल तर ‘एकदाच पाहा’ लावून पाठवा, म्हणजे उघडल्याशिवाय दिसत नाही.

एक ओळ यंत्राची हवीच. लॅपटॉप की कन्सोल, रॅम किती, सेटिंग कोणतं, फ्रेम किती. स्टीमच्या सेटिंगमध्ये फ्रेम मोजणारा आकडा कोपऱ्यात दाखवता येतो. ३० फ्रेमला एक चित्र साधारण ३३ मिलिसेकंद टिकतं, ६० ला १७ च्या आत, आणि वार चुकवायच्या गेममध्ये तो फरक हाताला जाणवतो. मे महिन्यात वीस मिनिटांनी गेम अडखळायला लागला तर आधी लॅपटॉप तापलाय का बघा. लाइट गेल्यावर बॅटरीवर खेळत असाल तर ग्राफिक्स कार्ड स्वतःच वेग उतरवतं. तो दोष गेमच्या नावावर लिहू नका. आणि तारीख किंवा आवृत्ती लिहा. सायबरपंक २०७७ डिसेंबर २०२० मध्ये आला तेव्हा आठवडाभरातच सोनीने तो आपल्या दुकानातून काढला होता. सप्टेंबर २०२३ च्या २.० आवृत्तीत कौशल्यांची रचना आणि पोलीस पार बदलले. त्या दोन काळांतली दोन माणसं एकाच नावाच्या वेगवेगळ्या गेमबद्दल भांडत बसतात.

किती लिहायचं? १२० ते १५० शब्द, एका गेमबद्दल. पाच गेम खेळला असाल तर एकावर नीट लिहा, बाकीच्यांना एकेक ओळ. रविवारी सकाळी आठवून लिहू नका. गेम बंद केल्याबरोबर फोनमध्ये तीन गोष्टी टिपून ठेवा: शेवटच्या दहा मिनिटांत काय केलं, कशामुळे थांबलो, उद्या उघडला तर आधी काय करणार. तिसऱ्याचं उत्तर सुचलं नाही तर तो गेम तुम्हाला वाटतो तितका आवडलेला नाही. स्टीमवर एफ१२ दाबलं की स्क्रीनशॉट निघतो. स्विचवर कॅप्चरचं बटण दाबून धरलं की बऱ्याच गेममध्ये मागच्या ३० सेकंदांचा व्हिडिओ राहतो. व्हिडिओ पंधरा-वीस सेकंदांचाच ठेवा आणि डॉक्युमेंट म्हणून पाठवा. नाहीतर व्हॉट्सअ‍ॅप तो इतका दाबतं की मार्गिटचा हात कधी खाली आला तेच दिसत नाही.